भाषा निवडा

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझी सतरा-अठरा वर्षं गेली. हुद्दा लॅब असिस्टंटचा, काम मात्र आल्यागेल्या प्रत्येक मशीनची नाडी बघण्याचं. त्यातलं निम्मं काम म्हणजे नवीन मशीनवर लिनक्स टाकणं आणि उरलेलं निम्मं म्हणजे बसलेलं लिनक्स उठवणं. दोन्ही कामांत 'इनिटआरडी' नावाची एक फाइल सारखी आडवी येते. इन्स्टॉलरमध्ये ती असते, इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही असते, आणि नावावरून वाटतं की दोन्हीकडे एकच. तसं नाही, हे मी दरवेळी काहीतरी बिघडवूनच शिकलो. खालचे बहुतेक अनुभव डेबियनचे आहेत, कारण आमची लॅब पहिल्यापासून डेबियनवर चालते.

१. एका नावाची दोन माणसं असतात, तसं हे आहे.

२००९ साल. एका मशीनवर डेबियन ५, म्हणजे 'लेनी', अपडेट होत होतं आणि नेमकी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाईट आल्यावर मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक', रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही म्हणून. सीडी लावून आत बघितलं. बूट फोल्डरमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शाबूत होता, शेजारची इनिटआरडी शून्य बाइटची होऊन पडली होती.

मी म्हटलं, सापडलं! सीडीवर इनिटआरडी आहेच की. उचलली, हार्डडिस्कवर टाकली, जुन्या फाइलीचं नाव दिलं, रीस्टार्ट केलं. पॅनिक गेलं. मी खुर्चीत मागे रेलतोय तोवर निळ्या पडद्यावर करड्या रंगाची चौकट उमटली: भाषा निवडा.

मागे आमच्या विभागातले सर उभे होते. म्हणाले, "काय रे, दुरुस्त करतोयस का नवीन टाकतोयस?"

झालं होतं ते असं. मशीन सुरू होताना ग्रब नावाचा बूट करून देणारा प्रोग्राम मेमरीत दोन गोष्टी आणून ठेवतो, कर्नल आणि इनिटआरडी. इनिटआरडी म्हणजे दाबून बांधलेलं एक गाठोडं. कर्नल ते रॅममध्ये सोडतो आणि त्यात 'इनिट' नावाचा जो प्रोग्राम सापडेल तो चालवतो. गाठोड्यात काय बांधलंय, हे कर्नल विचारत नाही. इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमच्या गाठोड्यातला इनिट डिस्क शोधतो, माउंट करतो, कारभार डिस्कवरच्या खऱ्या इनिटच्या हाती देतो आणि बाजूला होतो. सगळा खेळ काही सेकंदांचा. इन्स्टॉलरच्या गाठोड्यातला इनिट कोणाच्याही हाती काही देत नाही. ते गाठोडं हीच त्याची अख्खी सिस्टिम. तो तिथेच मुक्काम ठोकतो आणि प्रश्न विचारायला लागतो. मी वाटाड्याच्या जागी गवंडी आणून उभा केला होता. त्याने आल्याआल्या घर कुठे बांधायचं ते विचारलं, यात त्याची चूक नाही.

कर्नल मात्र दोन्हीकडे जवळपास तोच असतो. इन्स्टॉलरसाठी काही खास कर्नल बनवतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. डेबियनमध्ये तसं नसतं, सगळा फरक गाठोड्यात.

२. शंका आली की गाठोडं उघडून बघावं.

इनिटआरडीतल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड डेबियनमध्ये आहे, फेडोरातही आहे, आणि दोन मिनिटांत उलगडा होतो. आमच्या एका मशीनची यादी मी एकदा कागदावर छापून भिंतीला लावली होती. सुरुवातीला प्रोसेसरचा मायक्रोकोड. मग डिस्कचे ड्रायव्हर, फाइलसिस्टिम तपासायची साधनं, एलव्हीएम, आणि एका छोट्या फाइलीत स्वॅपचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, मशीन हायबरनेट झालं असेल तर कुठून जागं व्हायचं त्यासाठी. त्या मशीनच्या खाणाखुणा आत लिहिलेल्या.

तिच्या शेजारी इन्स्टॉलरची यादी लावली. त्यात नेटवर्क विचारणारे आणि मिरर निवडणारे प्रोग्राम, कीबोर्डचे नकाशे, प्रश्नांची भाषांतरं. शिवाय 'ॲना' नावाचा एक प्रोग्राम. इन्स्टॉलरला लागणारे उरलेले तुकडे तो आणतो. त्याच्या इंग्रजी नावाची फोडच 'ॲना ही ॲप्टच्या जवळपासही नाही' अशी आहे; ॲप्ट म्हणजे डेबियनचा पॅकेजेस आणणारा नेहमीचा प्रोग्राम. प्रोग्रामरांना अशा कोट्या करायचा भारी सोस. पण ती यादी खालवर कितीही चाळा, तुमच्या डिस्कचा यूयूआयडी कुठेच सापडणार नाही. तुमची डिस्क त्या फाइलीने जन्मात पाहिलेली नसते. जगातल्या कुठल्याही मशीनवर जागं व्हायची तिची तयारी असते, आणि म्हणून कुठल्याच मशीनची तिला ओळख नसते.

३. कर्नल आणि इनिटआरडी जोडीनेच बदलावेत.

या धड्याने माझा प्रवेशाच्या दिवसांतला अख्खा शनिवार खाल्ला. पेनड्राइव्ह घेऊन तीस मशीनपाशी फिरायला नको, म्हणून मी नेटवर्क बूटचा सर्व्हर लावला होता. मशीन सुरू झालं की इन्स्टॉलर नेटवर्कवरून घेतं आणि कामाला लागतं. वर्षभर सुरळीत चाललं. पुढच्या जूनला पहिल्याच मशीनवर मध्येच लाल पट्टी: कर्नलचे मोड्यूल्स सापडले नाहीत, इन्स्टॉलरचा कर्नल आणि भांडारातला कर्नल यांचा मेळ बसत नसावा. मी केबल बदलली, स्विच बदलला, दुसरं मशीन घेतलं. निरोपात कारण स्वच्छ लिहिलेलं होतं, पण लाल रंग दिसला की माणूस वाचत नाही, धावाधाव करतो.

नेटवर्कवरून चालणाऱ्या इन्स्टॉलरची इनिटआरडी मुद्दाम लहान ठेवलेली असते. नेटवर्क कार्ड चालण्यापुरते ड्रायव्हर ती बरोबर आणते. डिस्कचे, फाइलसिस्टिमचे आणि बाकीचे ड्रायव्हर ही ॲना डेबियनच्या भांडारातून आणते, आणि ते चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचेच असावे लागतात. भांडार वर्षभरात पुढे गेलं होतं, माझ्या सर्व्हरवरच्या फाइली जागच्या जागी होत्या. नव्या दोन फाइली उतरवून ठेवल्या, पाच मिनिटांचं काम. मोठ्या सीडी-डीव्हीडीच्या प्रतिमेत हा घोळ सहसा होत नाही, कारण जुळणारे तुकडे तिच्यातच भरलेले असतात.

इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमवर हा घोळ मला कधी जाणवला नव्हता, त्यालाही कारण आहे. तिथे प्रत्येक कर्नलला त्याची स्वतःची इनिटआरडी असते, दोघांच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो आणि मोड्यूल्स डिस्कवर त्याच आकड्याच्या फोल्डरमध्ये असतात. नवा कर्नल आला तरी जुनी जोडी शेजारी राहते. नेटवर्क बूटच्या फाइलींची नावं मात्र नुसती 'लिनक्स' आणि 'इनिटआरडी'. आकडा नाही, तारीख नाही. तेव्हापासून मी फोल्डरच्या नावात महिना आणि वर्ष घालतो.

४. इन्स्टॉलरमध्येही पोटजाती आहेत.

सीडीची इनिटआरडी सीडी शोधते, नेटवर्कची नेटवर्क शोधते, आणि हार्डडिस्कवरून चालवायची तिसरी एक असते, ती डिस्कवर पडलेली आयएसओ फाइल शोधते. सीडीवरची फाइल काढून नेटवर्क बूटला लावली तर इन्स्टॉलर झकास सुरू होतो, भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो आणि मग इन्स्टॉलेशनचं माध्यम सापडत नाही म्हणून हटून बसतो. पहिली तीन पानं बिनबोभाट येतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मी हे दोनदा केलंय. दुसऱ्यांदा का केलं, विचारू नका.

५. मराठीलाही जागा लागते.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. पण तो चित्रमय असेल तरच. अक्षरी निळ्या पडद्याच्या यादीत मराठी दिसत नाही, हिंदीही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा दुजाभाव वाटला होता. कारण तांत्रिक निघालं. लिनक्सच्या साध्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात, आणि अक्षरांची जोडणी त्याला येत नाही. 'क्ष', 'र्‍या', 'ष्ट्र' त्याला कुठून जमणार? म्हणून चित्रमय इन्स्टॉलरची इनिटआरडी वेगळी असते. तिच्यात फॉन्ट, खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी आणि मांडणीची साधनं भरलेली असतात, आणि ती अक्षरी इन्स्टॉलरच्या फाइलीपेक्षा चांगलीच जाड होते.

एका विद्यार्थिनीने हौसेने लॅपटॉप मराठीत इन्स्टॉल केला, डिस्कही एन्क्रिप्ट केली. दुसऱ्या दिवशी आली. "सर, सगळं मराठीत निवडलं तरी पासवर्ड इंग्रजीतच विचारतो." बरोबर होतं तिचं. तो प्रश्न तिची मराठी सिस्टिम विचारतच नव्हती. ती अजून कुलपात होती. विचारत होती ती कुलपाबाहेरची छोटी इनिटआरडी, आणि तिच्या गाठोड्यात मराठी कोणी बांधलेली नव्हती.

६. 'याच मशीनपुरते ड्रायव्हर' हा पर्याय विचार करून घ्यावा.

डेबियनच्या तज्ज्ञ-पद्धतीच्या इन्स्टॉलेशनमध्ये एक प्रश्न येतो: इनिटआरडीत सगळे ड्रायव्हर घालू की फक्त या मशीनला लागणारे? आमच्या एका सर्व्हरचं बूट पार्टिशन लहान होतं, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. फाइल सुटसुटीत झाली, बूट किंचित लवकर होऊ लागलं, मी खूश. पाच वर्षं काही झालं नाही.

मग तो सर्व्हर म्हातारा झाला. त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ती व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवायचं ठरलं. प्रत काढली, मशीन सुरू केलं. ग्रबचा मेनू आला, कर्नल लोड झाला, आणि मग काही नाही. बराच वेळ वाट बघून पडद्यावर निरोप आला: रूट डिस्कची वाट पाहून थकलो, अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही, तुम्हाला शेलमध्ये सोडतो. आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेला तो एकाकी प्रॉम्प्ट.

मला कोडं पडलं ते ग्रबचं. याच डिस्कवरून ग्रब आला, याच डिस्कवरून त्याने कर्नल वाचला, आणि आता कर्नल म्हणतो डिस्कच नाही! उपकरणांची यादी काढली तर खरंच एकही डिस्क नव्हती. दुपारी त्याच व्हर्च्युअल मशीनला डेबियनची आयएसओ लावली, तर इन्स्टॉलरने डिस्क, तिची पार्टिशनं, सगळं क्षणात दाखवलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ग्रब डिस्क वाचतो ते फर्मवेअरच्या मदतीने, त्याला लिनक्सचा ड्रायव्हर लागत नाही. कर्नलला लागतो. जुन्या सर्व्हरची डिस्क साध्या साटा कंट्रोलरवर होती, व्हर्च्युअल मशीनची 'व्हर्टआयओ'वर. तो ड्रायव्हर डिस्कवरच्या मोड्यूल्सच्या फोल्डरमध्ये होता, पण डिस्क उघडल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. चावी घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

उपाय सोपा आहे. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून 'रेस्क्यू' पर्याय घ्यायचा, आपलं रूट पार्टिशन निवडायचं, त्यात शेल उघडायचा, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'डेप' आहे तिथे 'मोस्ट' करायचं आणि इनिटआरडी नव्याने बनवायची. परक्याच्या खांद्यावर बसून घरात शिरायचं आणि आतून कडी काढायची. व्हर्च्युअल मशीन असेल तर आणखी एक पळवाट आहे. डिस्क तात्पुरती साटा म्हणून जोडायची, सिस्टिम उठली की इनिटआरडी बनवायची आणि परत व्हर्टआयओ करायचं.

फेडोरात फक्त आपल्या मशीनपुरती इनिटआरडी हाच रिवाज आहे. पण ते शेजारी सगळे ड्रायव्हर असलेली एक 'रेस्क्यू' नोंदही ठेवतात. हा शहाणपणा मला आवडतो. डेबियनमध्ये नेहमीच्या वाटेने गेलात तर सगळे ड्रायव्हर घातलेलेच असतात. मी मुद्दाम वाकडी वाट धरली होती.

७. पेनड्राइव्ह कुठेही बूट होतो, डिस्क होत नाही.

यूईएफआयच्या मशीनसाठी इन्स्टॉलर आपल्या पेनड्राइव्हवर 'ईएफआय' फोल्डरातल्या 'बूट' फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल ठेवतो, आणि काढता येणाऱ्या माध्यमावर कुठलंही फर्मवेअर तिथेच बघतं. इन्स्टॉल झालेली सिस्टिम 'डेबियन' नावाच्या स्वतःच्या फोल्डरात राहते आणि तिचा पत्ता मदरबोर्डच्या मेमरीत नोंदवलेला असतो. डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली तर पत्ता जुन्या बोर्डातच राहतो. एका मशीनच्या डिस्कवरून बारा मशीनसाठी प्रती काढल्या तेव्हा बाराच्या बारा 'बूट करायला काही नाही' म्हणाली. त्या दिवशी चहा गार झाला तो झालाच. ग्रब बसवताना 'काढता येणाऱ्या माध्यमाच्या जागीही ठेव' असा पर्याय असतो. प्रती काढायच्या डिस्कवर तो घ्यावा.

८. पेनड्राइव्हचं नाव बदलू नये.

फेडोराचा इन्स्टॉलर आपला दुसरा टप्पा शोधतो तो पेनड्राइव्हच्या लेबलवरून. एका मुलाने आयएसओमधल्या फाइली हाताने एका फॅट पेनड्राइव्हवर कॉपी केल्या होत्या. फॅटचं लेबल ११ अक्षरांचं, फेडोराचं त्याहून लांब. कर्नल आला, इनिटआरडी आली आणि आपल्याच पेनड्राइव्हला नावाने हाका मारत राहिली. आयएसओ जशीच्या तशी, बाइटमागून बाइट लिहावी, हा त्यावर साधा उपाय.

९. इन्स्टॉलरमध्ये लिहिलेलं पाण्यावर लिहिलेलं असतं.

अक्षरी इन्स्टॉलर चालू असताना ऑल्ट आणि एफ२ दाबलं की शेल मिळतो. लिहायला 'नॅनो' आहे, बाकी बिझीबॉक्सचा, म्हणजे मोजक्या आटोपशीर कमांडींचा, संसार. तिथे बसून मी एकदा दीड तास खपून पार्टिशनची स्क्रिप्ट लिहिली, रूटच्या घरात सेव्ह केली आणि रीस्टार्ट केलं. ते घर रॅममध्ये होतं. ठेवायचं ते 'टार्गेट' फोल्डरात ठेवावं, कारण तीच तुमची होऊ घातलेली डिस्क. इन्स्टॉलर स्वतः एवढी अक्कल दाखवतो. आपले लॉग जाता जाता नव्या सिस्टिमच्या लॉगमध्ये 'इन्स्टॉलर' फोल्डरात ठेवून जातो. मशीन कधी आणि कसं बसवलं, हे वर्षांनंतर तिथे सापडतं.

१०. २००९ ची चूक एकदा मुद्दाम केली.

२०२० चा लॉकडाऊन. कॉलेज बंद, मी घरी, आणि एक जुना सर्व्हर ३२ बिटांच्या डेबियनवर अडकलेला. तो ६४ बिटांवर न्यायचा तर नवीनच टाकणं बरं. कॅम्पसवर माणूस एकच, वॉचमन. त्यांना पेनड्राइव्ह लावायला सांगणं म्हणजे त्यांनाही ताप आणि मलाही.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर घेतला. मग घरून एसएसएचने आत जाऊन बूट फोल्डरमध्ये एक नवीन फोल्डर केला आणि नेटवर्क इन्स्टॉलरचा कर्नल व इनिटआरडी तिथे ठेवली. डेबियनच्या मार्गदर्शिकेत ही वाट रीतसर दिलेली आहे. इनिटआरडीच्या शेपटीला आणखी एक गाठोडं चिकटवलं तर कर्नल दोन्ही सोडतो. त्या शेपटीत मी उत्तरांची फाइल बांधली: भाषा, कीबोर्ड, आयपी पत्ता, आणि पडद्याऐवजी एसएसएचवरून इन्स्टॉलेशन चालवायची सूचना. नेटवर्क सुरू व्हायच्या आधीच ही उत्तरं लागतात, म्हणून ती इनिटआरडीतच असलेली बरी. ग्रबला सांगितलं की हे फक्त पुढच्या एका बूटला. फसलं तर वॉचमनकाकांनी बटण दाबून बंद-चालू करायचं आणि जुनी सिस्टिम परत येईल.

रीस्टार्ट दिलं. एक मिनिट. तीन मिनिटं. काकांना फोन लावला.

"साहेब, पंखा फिरतोय. हिरवा दिवा आहे."

"कुठला लुकलुकतोय का?"

"मागच्या बाजूचा. पिवळा."

पिवळा म्हणजे नेटवर्क. मी पुन्हा एसएसएच लावलं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत धमकी आली: या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणीतरी मध्ये घुसलं असण्याची शक्यता आहे. यंत्र तेच, पत्ता तोच, पण रॅममध्ये दुसराच जीव उठून बसला होता आणि त्याने येताना स्वतःची नवी किल्ली बनवली होती. एरवी त्या निरोपाने पोटात गोळा येतो. मी जुनी किल्ली पुसली, 'इन्स्टॉलर' नावाने आत शिरलो. निळा पडदा, करडी चौकट. या खेपेला त्याने भाषा विचारली नाही.